तलावाची पार आणि खिशातली विकी



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी तो जरा भीतभीतच सांगितला. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्याने झाली, धानशेतीवर झाली, वैनगंगेवर आणि पवनीच्या स्तूपांवर झाली. त्या पंक्तीत “खिशातल्या संगणकावर स्वतःची विकी” हा विषय म्हणजे लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सायकलसह येऊन बसावे तसे वाटण्याचा संभव होता. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणालेही, “गुरुजी, हे भंडाऱ्यात कोणाला पाहिजे?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरते त्याचे उत्तर एवढेच, की मला पाहिजे होते, आणि वेळेवर नीट न मिळाल्यामुळे माझे जे नुकसान झाले ते आता भरून येणारे नाही. ती हकीकत पुढे ओघाने येईल.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. आपल्यापैकी पुष्कळजण रोज मोबाइलवर विकिपीडिया पाहत असाल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. परंतु विकिपीडिया हे विकीचे एक रूप झाले, आणि तेही सार्वजनिक. मूळ विकी वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी लोकांपुढे ठेवली. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना नेणाऱ्या बसगाडीस “विकी विकी” म्हणत. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट, लवकर लवकर. त्यावरून हे नाव आले. गंमत अशी, की त्यापूर्वी काही वर्षे कनिंगहॅमने असाच एक कार्डांचा संच स्वतःच्या उपयोगासाठी संगणकावर बनविला होता. कोणत्या माणसाने कोणते काम केले, कोणती कल्पना कोणाकडून आली, याची ती टिपणे होती. म्हणजे लोकांची विकी ही घरच्या विकीची लेक आहे. आज मी लेकीविषयी बोलत नाही, आईविषयी बोलतो आहे.

विकीत असते काय? पाने असतात आणि पानांना नावे असतात. एका पानावर लिहिताना दुसऱ्या पानाचे नाव आले, की ते दोन-दोन चौकोनी कंसांत घालावयाचे. त्यावर बोट ठेवले की ते पान उघडते. ते पान अजून लिहिलेलेच नसेल तर त्या नावाचा रंग वेगळा दिसतो, आणि बोट ठेवताच कोरे पान पुढे येते. लिहा म्हणते. आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत मोलाची: कोणतेही पान उघडून त्याला विचारता येते, की तुझे नाव आणखी कोणकोणत्या पानांवर आले आहे? वहीला हा प्रश्न विचारता येत नाही. वहीत पहिल्या पानावरून चाळिसाव्या पानाकडे बोट दाखविता येते, पण चाळिसाव्या पानाला आपल्याकडे कोण बोट दाखविते हे कळत नाही.

कागदावर ही सोय करण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालेला नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत कोशाचे काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या. त्या जवळजवळ एक कोटी आहेत. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचे वाक्य, त्याचा ग्रंथ. कोशाचा पहिला भाग छापून निघाला तो १९७६ साली. चिठ्ठ्यांची कपाटे हीच त्या कोशाची खरी काया. त्या कपाटांत आणि माझ्या खिशातल्या यंत्रात तत्त्वाचा फरक नाही. फरक आहे तो वजनाचा. कपाट घेऊन शिवनीबांधच्या पारीवर जाता येत नाही.

पार हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुण्या-मुंबईकडचे श्रोते कोणी असतील तर त्यांच्यासाठी सांगतो: तलावाचा मातीचा बांध, ज्याला पुस्तकी मराठीत आपण पाळ म्हणतो, त्याला आमच्याकडे पार म्हणतात. झाडीबोलीत ळ नाही. तिथे र येतो. डोळ्याचा डोरा होतो, पाळीची पार होते. ण नाही, म्हणून पाणी हे पानी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश केला आहे. तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे नव्याने सांगावयास नको. मी मात्र शाळामास्तर. चौतीस वर्षे मुलांच्या वहीतल्या पारीची पाळ आणि पानीचे पाणी लाल शाईने करीत आलो. हा लाल शाईचा इतिहास लक्षात असू द्या. तो पुढे माझ्याच अंगावर आला.

माझी नोकरी झाली ती बहुतेक तलावांच्या गावी. ज्या गावाला तलाव नाही असे गाव त्या बाजूस शोधावे लागते. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. वरच्या बोडीचे पाणी सांडून खालच्या तलावात, तिथून पाटाने बांध्यांत. परंपरा असे सांगते की गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी हे तलाव बांधले आणि त्याबद्दल त्यांना जमिनी व गावे मिळाली. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जे चार खंड काढले त्यांत कोहळ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. रसेलनेच संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ चे. मालगुजारी १९५१ साली संपली. तलाव राहिले, परंतु कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला आधी जावयाचे, पार कोठे कच्ची आहे, पाणी सोडण्याचे तोंड केव्हा उघडावयाचे, हे जे ज्ञान होते ते कोणत्याच दप्तरात पुरते उतरलेले नव्हते. ते माणसांच्या डोक्यात होते. माणसे म्हातारी होत होती. मला ते टिपून घ्यावे असे वाटू लागले. हेतू फार मोठा नव्हता. शाळा सुटल्यावर सायकल घेऊन पारीवर जाऊन बसण्याला घरी काही कारण सांगावे लागे, तेही एक निमित्त.

प्रथम वह्या केल्या. एका वहीत गावांप्रमाणे, दुसरीत विषयांप्रमाणे. लवकरच गोंधळ झाला. शिंगाड्याविषयी एका धीवराने सांगितलेली गोष्ट शिंगाड्याच्या पानावर लिहावी, त्या तलावाच्या पानावर लिहावी की सांगणाऱ्याच्या नावावर? एकदा लिहिली की ती बाकी दोन ठिकाणी नाही. तिन्ही ठिकाणी लिहिण्याइतका मी उद्योगी नाही.

२००१ साली परदेशी असलेल्या माझ्या भाच्याने सुटीत येताना एक हातातला संगणक आणला. तळहाताएवढा, काळापांढरा पडदा, वर लिहावयास काडी. त्या जातीच्या यंत्रांत गाजलेला पाम पायलट हा १९९६ साली अमेरिकेत निघाला, आणि त्याच्या पहिल्या नमुन्याची स्मरणशक्ती होती अवघी १२८ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र त्यात मावले नसते. पण अक्षरांना जागा थोडीच लागते. माझ्याकडचे यंत्र त्याच पिढीतले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे जे झाले त्यात दोष माझा आहे. भाच्याने त्यात विकीसारखी टिपणे ठेवण्याची एक लहानशी सोय बसवून दिली. दोन शब्द जोडून, दोघांचीही आद्याक्षरे मोठी काढली, की तो दुवा झाला.

येथे पहिला खडा लागला. मोठे अक्षर आणि लहान अक्षर हा भेद रोमन लिपीत आहे, आपल्या देवनागरीत नाही. “मोठा अ” असतो कोठे? आणि त्या यंत्रात देवनागरी तर मुळीच नव्हती. मग मी मराठी रोमन अक्षरांत लिहू लागलो. दुवे जुळत होते, पाने वाढत होती, आणि मी फार खुशीत होतो. पारीवर बसून बोलता बोलता काडीने टिपावे, आणि घरी येऊन पाहावे तो आजचे बोलणे मागच्या महिन्यातल्या बोलण्याला आपोआप येऊन चिकटलेले.

या सुमारास बंगळूरास एक फार मोठा प्रयोग चालला होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून “सिंप्युटर” नावाचा हातसंगणक बनविला. २००१ साली तो लोकांपुढे आला. खेड्यातल्या, वाचता न येणाऱ्या माणसालाही वापरता यावा, भारतीय भाषांत बोलावा, ही कल्पना. त्यात एक योजना मला विशेष वाटते: यंत्र गावात एक, आणि प्रत्येकाजवळ आपापले लहानसे कार्ड. कार्ड घातले की यंत्र तुमचे, काढले की दुसऱ्याचे. म्हणजे वही प्रत्येकाची, पाटी सामाईक. २००४ साली तो बाजारात विकावयास आला, पण अपेक्षेच्या मानाने फार थोडा खपला, आणि पुढे मोबाइलने सगळ्यांनाच झाकून टाकले. मी तो कधी हाती घेतलेला नाही. तथापि आमच्या भाषा बोलणारा संगणक खिशात असावा हे स्वप्न आधी आपल्याच देशात कोणी पाहिले होते, एवढे नमूद करून ठेवतो.

आता नुकसानीची गोष्ट.

त्या गावी धीवर समाजातले एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना बाबाजी म्हणत, मीही म्हणे. वय ऐंशीच्या पुढे. मालगुजारीच्या काळी तलावाची राखण त्यांच्या वडिलांकडे होती. पाणी किती आले हे ते पारीतल्या दगडांवरून सांगत, आणि प्रत्येक दगडाला नाव होते. अमुक दगड बुडाला की खालच्या बांध्यांची रोवणी निभावते, तमुक बुडाला की वरच्यांचीही. मी तीन पावसाळे त्यांच्याशी बोललो. मी “पाळ” म्हटले की ते थांबत आणि म्हणत, “पार म्हना गुरुजी.” मी हसून पुढचे विचारीत असे.

२००४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलीकडे नागपूरला गेलो. यंत्र ट्रंकेत राहिले. त्या काळच्या असल्या यंत्रांत लिहिलेले सगळे विजेवर जिवंत असे. सेल पूर्ण उतरले की आतले सगळे पुसले जाई. भाच्याने बजावले होते की आठवड्याला एकदा मोठ्या संगणकाला जोडून नक्कल करून घ्या. मोठा संगणक तालुक्याच्या गावी, दुकानात, तासाला पैसे देऊन. मी जूनमध्ये एकदा नक्कल केली होती. परत येऊन सेल बदलले तेव्हा यंत्राने मला विचारले, की आपले नाव काय? ते पूर्ण कोरे झाले होते. तो पावसाळा, म्हणजे बाबाजींजवळ बसून टिपलेला सर्वांत भरघोस पावसाळा, गेला.

जूनची नक्कल उरली होती, ती छापून घेतली. तीही वाचता येईना. मी रोमन अक्षरांत लिहिले होते ना! जी तीन अक्षरे पारीची, तीच पाराची, पिंपळाच्या पाराची, आणि तीच “पलीकडे” या अर्थाच्या पारची. “पारच्या पलीकडचा पार” असे वाक्य रोमन अक्षरांत माझ्यापुढे होते, आणि त्यातला दगड पारीतला की पिंपळाखालचा हे मलाच सांगता येईना. कित्येक ठिकाणी तर मी शाळामास्तरी बाण्याने आधीच पारीची पाळ करून टाकली होती. रोमन लिपीत ळ आणि ल एकच. तेव्हा पाळ ही पाल झाली. भिंतीवरची पाल की तलावाची पाळ? बांधी आणि बंदी यांचीही तीच गत. म्हटले, सुटी संपली की बाबाजींकडे जाऊन पुन्हा विचारू. परीक्षा आल्या, मग लेकीचे बाळंतपण. बाबाजी २००५ च्या उन्हाळ्यात गेले. दगडांची नावे त्यांच्याबरोबर गेली. त्यांतली चार मला तोंडपाठ आहेत. बाकीची किती होती तेही मला आता नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर दहाएक वर्षे मी पुन्हा कागदावर आलो आणि यंत्राचे नाव काढले नाही. माझ्या वडिलांची हिशेबाची वही १९४६ ची आहे, वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर अन् अक्षर लागते. ती कोणी सेल घालून जिवंत ठेवलेली नाही. हा कागदाचा मोठेपणा मी आजही मान्य करतो, आणि कोणी म्हणेल की गुरुजी, मग वहीच बरी नव्हती का, तर अर्ध्यापर्यंत मी त्याच्या बाजूचा आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी एक उदाहरण सांगतो. २०१४ साली मुलीने मला मोबाइल घेऊन दिला. त्यावर मराठी टंकता येत होते आणि वाचताही. आता जुने दुखणे राहिले नव्हते. देवनागरीला जगभर एकच ठरलेली सांकेतिक मांडणी मिळालेली आहे, तिला युनिकोड म्हणतात. त्यामुळे माझी ळ पुण्याच्या यंत्रावर ळच राहते. जुन्या वह्यांतले मी त्यात उतरवू लागलो. रोज दोन पाने, संध्याकाळच्या चहानंतर. तीन वर्षांत सात-आठशे पाने झाली. एके दिवशी “देवधान” हे पान उघडून मी विचारले, की तुझे नाव कोठे कोठे आले आहे? देवधान म्हणजे तलावाच्या कडेला आपोआप येणारे रानधान. काही उपासांना त्याचाच भात चालतो. नऊ तलावांची पाने पुढे आली. त्यांतल्या सहांवर निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या माणसांनी सांगितलेले वाक्य एकच होते: पूर्वी यायचे, आता येत नाही. म्हणून त्या सहा तलावांची पाने वाचली. पाचांवर दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच संदर्भात, सांगितले होते की गवत खाणारा परदेशी मासा, ज्याला ग्रास कार्प म्हणतात, तो त्या तलावात सोडला होता.

भगिनींनो आणि बंधूंनो, हा पुरावा नव्हे. पाच तलावांवरून शास्त्र होत नाही. बेशरमच्या झुडपांनी कडा अडविल्या, गाळ साचला, खत-औषधे उतरली, अशी दहा कारणे असू शकतात. परंतु हा प्रश्न मला कोणी सांगितलेला नव्हता. तीन जुन्या वह्यांत तो तुकड्यातुकड्याने अकरा वर्षे पडून होता आणि मी, त्या वह्यांचा लेखक, त्यास पाहू शकलो नव्हतो. पाने एकमेकांना बांधली तेव्हा तो दिसला. तलावांवर आणि मासेमारांबरोबर काम करणारी जाणती मंडळी आपल्या भागात आहेत. त्यांना मी विचारले, तर त्यांना यातले पुष्कळ आधीच ठाऊक होते, आणि काही तलावांत गावकऱ्यांनी पाणवनस्पती पुन्हा लावावयास घेतल्याही आहेत. माझा शोध असा शिळाच निघाला. पण तो माझ्या खिशातून निघाला याचा आनंद मला चार दिवस पुरला.

असे काम आपल्या मातीत मोठ्या माणसांनी मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. तेव्हा नवेगाव भंडारा जिल्ह्यातच होते, १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. गोंड, धीवर, शिकारी, गुराखी यांच्या तोंडची पाखरांची आणि झाडांची नावे त्यांनी वेचली, आणि त्यांतून पुढे पक्षिकोशासारखे ग्रंथ झाले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यापुढे माझी विकी म्हणजे हत्तीपुढे मुंगी. तरी मुंगीचेही एक काम असते. तो कोश सर्व महाराष्ट्राचा. माझ्याजवळ आहे ते पंचवीस-तीस तलावांचे, आणि ते तेथे राहणाऱ्यानेच करावयाचे असते.

आता ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. २००४ साली जेरेमी रस्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने टिडलीविकी नावाची युक्ती काढली. सगळी विकी एका फायलीत. ती इंटरनेटशिवाय चालते, उघडावयास कोणताही ब्राउझर पुरतो. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक पानाची एक साधी अक्षरांची फाइल. मी दोन्ही वापरून पाहिल्या, आणि सध्या दुसरीवर आहे. कारण उद्या विकीचा कार्यक्रम बंद पडला तरी साध्या अक्षरांची फाइल कोणत्याही यंत्रात उघडेल. ज्या पेटीची किल्ली एकट्या दुकानदाराजवळ असते तीत टिपणे ठेवू नयेत, इतके मी २००४ च्या दिवाळीत शिकलो आहे. नकलेबद्दल तर विचारूच नका. एक मोबाइलमध्ये, एक मुलीच्या घरच्या संगणकावर, आणि दरवर्षी मृग लागण्यापूर्वी एक कागदावर छापून, बांधून, शाळेच्या ग्रंथालयात. देवनागरीचे एक चिन्ह या मांडणीत तीन बाइट जागा खाते, इंग्रजीच्या तिप्पट. तरीसुद्धा माझी अकराशे पाने मिळून मोबाइलवर काढलेल्या एका चांगल्या छायाचित्राएवढीच आहेत.

पानांची नावे कशी द्यावीत यावर मात्र मी फार अडखळलो. शोधताना यंत्र अक्षरास अक्षर पाहते. “शिवनी” लिहिले आणि “शिवणी” शोधले तर ते म्हणते, नाही. माणसाला कळते, त्याला कळत नाही. बोलीत आणि पुस्तकात दोन रूपे असतील तर काय करावे? आधी मी शिरस्त्याप्रमाणे “पाळ” नावाचे पान केले आणि “पार” शोधणाऱ्याला तिकडे धाडण्याची सोय केली. एका संध्याकाळी ते पान पाहताना बाबाजींचा शब्द कानात आला. तेव्हा उलटे केले. आता पान “पार” आहे, सगळा मजकूर त्यावर आहे, आणि “पाळ” वर एकच ओळ आहे: पार पाहा. चौतीस वर्षांच्या लाल शाईवर ही एक रेघ मी ओढली. हे करताना माझा हात थोडा थबकला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. शिक्षकाला मुलाचा शब्द खोडताना जितके सोपे जाते तितके आपला शब्द खोडताना जात नाही.

आणखी एक अडचण आहे, तिला यंत्राकडे उत्तर नाही. लोक मला सांगतात ते मला सांगतात. मरळ मासा कोणत्या खोल जागी बसतो हे एका धीवराने सांगितले आणि लगेच म्हणाला, “लिहून घ्या, पण कोनाले दाखवू नका.” ठेका दुसऱ्याकडे गेला तर तीच जागा त्याच्या पोटावर उठेल. एका बाईंनी बाळंतिणीला देण्याच्या मुळीचे नाव सांगितले, जागा सांगितली नाही. कोणते पान किती फिरवावयाचे, याचा विचार सार्वजनिक विकीत करावाच लागत नाही, तेथे सगळे उघडेच. म्हणून मी घरच्या विकीच्या बाजूचा आहे. माझ्या पानांवर वर एक खूण असते: हे सर्वांचे, हे विचारून, हे माझ्याबरोबर. शाळेत ठेवलेल्या छापील प्रतीत तिसऱ्या खुणेची पाने नसतात. मी गेल्यावर त्यांचे काय करावयाचे ते मी मुलीला सांगितले आहे. तिला ते पटलेले नाही. ती म्हणते, ज्ञान जाळायचे कसे? मी म्हणतो, ते माझे नाहीच. हा वाद आमच्या घरी चालू आहे. आपल्यापैकी कोणाला त्यातून वाट सुचली तर मला हवी आहे.

शेवटी कोऱ्या पानांविषयी. विकीत ज्या नावाचे पान अजून झालेले नाही ते वेगळ्या रंगात दिसते, हे मी प्रारंभी सांगितले. माझ्याजवळ अशी दोनशेंवर नावे आहेत. त्यांतली बरीचशी शेतांची. गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. वैनगंगेचे पाणी पुढे चढत गेले तशी काठची गावे उठली. नव्या वसाहतींत गावांची नावे आली, पण शेतांची नावे आली नाहीत. जे शेतच नाही त्याला नावाने हाक कोण मारणार? तिकडच्या दोन वृद्धांनी मला नुसती नावे सांगितली, एका दमात, जशी शाळेत हजेरी घ्यावी तशी. ते शेत कोठे होते, त्याला ते नाव का पडले, हे विचारावयास पुन्हा गेलो तर एकजण मुलाकडे पुण्यास गेले होते, दुसऱ्यांची स्मृती गेली होती. बाबाजींच्या चार दगडांचीही चार पाने आहेत. एकावर दोन ओळी आहेत. बाकी तिन्हींवर काही नाही.

ती सगळी नावे मी छापून आणली आहेत. मोठ्या अक्षरांत, म्हणजे चष्म्याशिवायही वाचता यावीत. व्याख्यान संपल्यावर मी बाहेरच्या व्हरांड्यात टेबलाजवळ बसणार आहे, आणि मोबाइल मुलीने आजच भरून दिला आहे. पवनी-लाखांदुराकडची, नदीकाठची मंडळी कोणी आली असतील तर चहा घेऊन तिकडे यावे. घरी आजोबा-आजी असतील आणि त्यांना यायला जमले नसेल, तर यादीची एक प्रत घेऊन जावी.